साडेतेरा हजार किलोमीटर आणि कळव्याचा पूल

या ग्रुपवर मी बरेच महिने नुसती वाचतेय. आणि खोटं कशाला बोलू — इथले निम्मे अनुभव वाचून मी हसलेली आहे. मी डोंबिवली ईस्टला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. दिवसभर रक्ताच्या नळ्या बघते. जे दिसतं ते रिपोर्टमध्ये जातं, जे दिसत नाही ते जात नाही. घरात नवस नाही, दृष्ट काढणं नाही, अमावस्या कधी येऊन जाते तेही कळत नाही. त्यामुळे मी हे लिहायला बसले तेव्हा विलास, माझा नवरा, म्हणाला, तू पण? हो, मी पण. कारण यातलं बरंचसं मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय आणि उरलेलं ज्यांच्याकडून ऐकलंय त्यांना खोटं बोलून काहीच मिळणार नव्हतं.

माणसांची नावं बदलली आहेत. रस्ते आहेत तेच ठेवलेत.

माझी मावशी, म्हणजे आईची मोठी बहीण, कळव्याला राहायची. आम्ही आगरी. काका लवकर गेले, तेव्हा मुलगा नितीन अजून शाळेतही जात नव्हता. मावशीने कळव्याच्या मार्केटात सुकी मासळी विकून त्याला वाढवलं. सुकट, बोंबील, वाकट्या. उन्हातान्हात टोपलीमागे बसून. तिच्या हातांचा तो वास साबणाने जायचा नाही, आणि त्याची तिला लाजही नव्हती. जीभ मात्र अशी की अख्खं मार्केट तिला वचकून असायचं. कुणी वजनात खोट काढली तर गिऱ्हाइकाच्या सात पिढ्या उद्धरायची. नितीन इंजिनियर झाला, अमेरिकेत गेला, सॅन फ्रान्सिस्कोच्या जवळ कुठेतरी घर घेतलं, लग्न केलं, मुलगा झाला. मावशीने आपली टोपली सोडली नाही.

मग एका वर्षी तो अचानक आला आणि म्हणाला, आई, आता इथे एकटी राहायचं नाही, मी तुला न्यायला आलोय. मावशीचा पासपोर्ट त्याने आधीच करवून घेतलेला. व्हिसा कॉम्प्युटरवर आलाय म्हणाला. आम्ही कोण खात्री करणार? राहती खोली त्याने विकून टाकली. परत यायचंच नाही तर ठेवायची कशाला, हे त्याचं म्हणणं. मावशीने सह्यांच्या जागी अंगठे दिले. भांडी शेजारणींना वाटली, तुळस समोरच्या काकूंना दिली. चाळीतल्या बायकांनी तिला नवी कोरी साडी दिली. आयुष्यात पहिल्यांदा ती मला घाबरलेली दिसली, आणि तेवढीच खूशसुद्धा. मला हळूच म्हणाली, नातवासाठी थोडी सुकट घेतलीय, नितीनला सांगू नको.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी लॅबमध्ये होते. अनोळखी नंबरवरून फोन आला. एअरपोर्टच्या गेटवरची एक सिक्युरिटीची बाई बोलत होती. तुमच्या एक आजी सकाळपासून इथे बाहेर बसल्या आहेत, म्हणाली. मुलगा तिकीट प्रिंट करून आणतो सांगून आत गेला तो आलाच नाही. आम्ही चौकशी केली. त्यांच्या नावाचं तिकीटच नाहीये.

असले किस्से तुम्हीही फॉरवर्डमध्ये वाचले असतील. मीही वाचलेले, आणि कुणीतरी रचलेले वाटायचे. मी अंगावरचा ॲप्रन तसाच ठेवून निघाले.

मावशी सामानाच्या ट्रॉलीवर बसलेली होती. नवी साडी, मांडीवर बॅग, दोन्ही हात बॅगेवर. जागा जाईल, नितीनला आपण दिसणार नाही, म्हणून ती सकाळपासून त्या गेटसमोरून हललीच नव्हती. पाय सुजून चपलेत मावेनासे झालेले. बॅगेतून सुकटीचा वास येत होता आणि येणारे-जाणारे नाक मुरडून लांबून जात होते. तिचा मोबाईल नितीनने आधीच काढून घेतलेला, तिकडे नवीन सिम मिळतं म्हणून. माझा नंबर तिला पाठ होता म्हणून, नाहीतर...

मी नितीनला फोन लावत राहिले. बंद. विमान केव्हाच सुटलं होतं.

टॅक्सी पवईपर्यंत आली. मग तिने मला विचारलं, इथून तिथवर लांब किती गं? मी मोबाईलवर शोधून सांगितलं. साडेतेरा हजार किलोमीटर, मावशी. विमानाला सोळा-सतरा तास लागतात. ती हिशोब केल्यासारखी बाहेर बघत राहिली. रडली नाही. तिने रडावं असं मला वाटत होतं, कारण ती नंतर जे बोलली ते मला रडण्यापेक्षा जड गेलं.

"आज गेला तो गेला," ती म्हणाली. "पन पुना हितं पाय ठेवल, तवापासनं त्याची वाट सरायची नाय. मी बसले तसा बसल."

ड्रायव्हरने आरशातून मागे बघितलं. मी तिचा हात धरला. संतापात माणूस बोलतो, एवढंच मला वाटलं.

त्यानंतर ती माझ्याकडेच राहिली. नितीनने काही दिवसांनी मला मेसेज केला. त्यात आईचा मेडिकल इन्शुरन्स होत नाही, शिल्पाला झेपणार नाही, तू समजून घे, असलं काहीतरी होतं. शिल्पा म्हणजे त्याची बायको. मी तो मावशीला वाचून दाखवला नाही आणि तिने कधी विचारलंही नाही. कुणी पाहुणा मुलाबद्दल बोलला की एकच वाक्य, "मला पोर नाय." ती गॅलरीत बसायची, पाय लांब करून. त्या दिवसापासून पायांची सूज पुरती कधी उतरलीच नाही. दीड-एक वर्षाने हार्ट फेल होऊन गेली. मी फॅमिली ग्रुपवर कळवलं तेव्हा नितीनने हात जोडल्याचा इमोजी टाकला. एक. त्याखाली कुणाच्या तरी बारशाचे फोटो आले.

सांगायचा मुद्दा हा की मला तो माणूस पुन्हा समोर हवा होता. त्याला काय काय बोलायचं ते मी भांडी घासताना, मायक्रोस्कोपमध्ये बघताना जुळवत असायचे. आणि तो समोर आला.

गेल्या वर्षी शिल्पाच्या भावाचं लग्न ठाण्याला ठरलं. शिल्पा आणि मुलगा आधीच येऊन तिच्या माहेरी, टेंभी नाक्याला उतरलेले. नितीन मागून एकटा येणार होता. त्याने मला फोन केला. इतक्या वर्षांनी. गावच्या जमिनीत मावशीचा हिस्सा निघतो, त्यासाठी तिच्या मृत्यूचा दाखला लागणार होता. तो माझ्याकडे होता. म्हणाला, ताई, एअरपोर्टवरून आधी तुझ्याकडेच येतो, मग ठाण्याला जाईन. मी म्हटलं, ये. आणि लॅबमधून सुट्टी घेतली.

विमान वेळेवर उतरलं. सकाळी त्याचा फोन आला की टॅक्सी मिळाली, ऐरोलीला जाम आहे म्हणून ड्रायव्हर ठाण्यावरून घेतोय. म्हणजे हायवेने ठाणे, कळव्याचा खाडीपूल, मुंब्रा बायपास, शिळफाटा आणि डोंबिवली. रविवार होता, दीड तास धरा. थोड्या वेळाने मेसेज आला, कळव्याच्या पुलावर आहे. मी चहाचं आधण ठेवायला उठले.

तो आला नाही. दुपार झाली. मी मेसेज केला, कुठे आहेस? उत्तर आलं, कळव्याच्या पुलावर. मला वाटलं जुनी खोली बघायला थांबला असेल, किंवा माझ्यासमोर यायला पाय निघत नसेल. बरं वाटलं. जळू दे थोडा.

चार-साडेचारला त्याचा फोन आला. आवाज खूप लांबून येत होता. पूर्वी परदेशातले कॉल यायचे ना, आपण बोललेलं पोहोचायला वेळ लागायचा, तसा.

"ताई, तुझं घर अजून किती लांब आहे?"

मी विचारलं, आहेस कुठे तू? मध्ये बराच वेळ गेला. मग म्हणाला, पूल ओलांडतो, पुढे मुंब्र्याच्या दिशेने जातो, डोंगर दिसतो आणि परत पूल येतो. ड्रायव्हरला सांगतो तर तो म्हणतो साहेब, आत्ताच तर पुलावर आलोय. मी विचारलं, काही प्यायला आहेस का? नाही म्हणाला. ऊन फार आहे, म्हणाला, आणि ते हलत नाहीये.

त्या दिवशी डोंबिवलीत दुपारपासून ढग होते. मी आणि विलास गॅलरीत उभे होतो, आम्हाला सूर्य दिसत नव्हता.

विलासने त्याला लाईव्ह लोकेशन पाठवायला सांगितलं. ते आलं. स्क्रीनवर नुसता निळा रंग आणि मध्ये त्याचा ठिपका. खाडी असेल म्हणून मी नकाशा लहान केला. निळंच. अजून लहान केला. तरी निळंच. विलासने फोन माझ्या हातातून घेतला आणि तोही बोटाने नकाशा लहान करत गेला. जमीन काही येईना. मग नेट गेल्यासारखं झालं आणि ठिपका नाहीसा झाला. त्यानंतर फोन लागलाच नाही. शिल्पाचे मला फोन येत होते, तिला वाटत होतं तो माझ्याकडे आहे. विलास पोलिसांत जाऊ म्हणत होता, मी म्हटलं सकाळपर्यंत बघू. मला झोप लागली, आणि चांगली लागली, हेही लिहून टाकते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोहे खात होतो तेव्हा बेल वाजली.

नितीन दारात उभा होता. मागे बॅग घेऊन ड्रायव्हर. नितीनचे डोळे आत गेलेले, ओठ फुटलेले. बूट निघेनात. विलासने खाली बसून ओढले तेव्हा पाय सुजून टम्म झालेले दिसले, मोज्याची वीण कातडीत रुतलेली. आणि दार उघडताच सुकटीचा वास आत आला. विलासला आला, मला आला. आमच्या घरात मावशी गेल्यापासून सुकट आणलेली नव्हती. मी कुठेही ओळखेन तो वास.

ड्रायव्हर साताऱ्याकडचा, साधा माणूस होता. त्याचा चेहरा व्यवस्थित होता, दाढी केलेली, शर्टाची घडी तशीच. भाडं घेताना त्याने मोबाईल बघितला आणि थांबला. मला विचारलं, आज रविवार ना? मी म्हटलं, सोमवार. तो म्हणाला, बाई, मी आत्ता यांना एअरपोर्टवरून उचललं. दीड तास झाला असेल. मग त्याचे मेसेज एकदम येऊ लागले, बायकोचे, मालकाचे. तो खाली गाडीपाशी गेला. आम्ही वरून बघत होतो. त्याने आत वाकून किलोमीटरचा मीटर बघितला, बाहेर आला आणि पुढच्या टायरवरून हात फिरवत राहिला. विलास खाली गेला तेव्हा तो म्हणाला, हे टायर मी याच आठवड्यात बदललेले. विलासने बघितलं. टायर गुळगुळीत झालेले. विलासने त्याला जास्तीचे पैसे देऊ केले तर त्याने हातही लावला नाही. एवढंच म्हणाला, साहेब सारखे थांबव थांबव म्हणत होते, कुणाला तरी बघून. मला कुणी दिसलं नाही.

मी नितीनला विचारलं, कोण दिसत होतं?

तो पाण्याचा तांब्या संपवून म्हणाला, "आई. पुलाच्या कठड्याला लागून ट्रॉलीवर बसलेली. मांडीवर बॅग. दर वेळी."

पहिल्या काही वेळा ती खाली बघत होती, म्हणाला. नंतर गाडीकडे बघायला लागली. तो गाडी थांबवायला सांगायचा आणि थांबेपर्यंत पूल मागे जायचा. किती वेळा, ते तो मोजायचा थांबला होता.

त्याला मी मावशीच्या ट्रॉलीबद्दल कधी सांगितलं नव्हतं. तो गेटमधून आत गेला तेव्हा ती बाकावर बसलेली होती. ट्रॉलीवर ती नंतर जाऊन बसली, बाकावरून गेट नीट दिसेना म्हणून. हे मला त्या सिक्युरिटीच्या बाईने सांगितलेलं.

आता खरं काय ते लिहिते. मी ठरवलेलं सगळं बोलणं त्या क्षणी विसरले. समोर बसलेला माणूस इतका मोडलेला होता की मला वाटलं, आता हा रडेल. रडला असता, तिचं शेवटचं कसं झालं एवढं जरी विचारलं असतं, तरी मी त्याला जवळ घेतलं असतं. रक्ताचं नातं आहे, लहानपणी मी त्याला कडेवर फिरवलंय. मी चहा दिला. त्याने चहा प्यायला, दोन बिस्किटं खाल्ली, तोंडावर जरा रंग आला. कप खाली ठेवला आणि म्हणाला,

"ताई, तो दाखला काढून ठेवलायस ना?"

विलास उठून आत गेला. मी कपाटातून दाखला आणला आणि त्याच्या हातात दिला. म्हटलं, नीट जा.

डोंबिवलीहून ठाणे किती, तुम्हाला माहीत आहे. लग्न संध्याकाळचं होतं, तो दुपारी निघाला. विलास त्याला रिक्षात बसवून आला. पुढचं मला शिल्पाच्या आईकडून कळलं. नवरदेवाच्या बहिणीचा नवरा लग्नात नाही म्हणून मंडळी आधी काळजीत, मग चिडलेली. तो हॉलवर पोहोचला तेव्हा दुसऱ्या दिवशीची सकाळ होती. मांडववाले खुर्च्या टेम्पोत भरत होते. रिक्षावाला म्हणत होता, जेवून निघालो ते सरळ इथेच आलो.

मी आनंदी झाले का? झाले. कुणाला वाईट वाटायचं तर वाटू दे.

ते तिघे एकाच विमानाने परत गेले. तेच सोळा-सतरा तास. शिल्पा त्याच्या शेजारच्या सीटवर होती आणि हे तिने मला स्वतः फोनवर सांगितलंय. आम्ही त्याआधी धड चार वाक्यं बोललेलो नव्हतो. विमान सुटल्यावर तो समोरच्या छोट्या स्क्रीनवर नकाशा लावून बसला. विमानाचं चित्र, उरलेलं अंतर, उरलेला वेळ. तिचा डोळा लागला. जाग आली तेव्हा एअर होस्टेस जेवणाचे ट्रे गोळा करत होती, म्हणजे फार वेळ गेला नव्हता. शेजारी नितीन होता. दाढी छातीपर्यंत आलेली. हाताची नखं वाढून वळलेली. शर्ट तोच, पण अंगावर लोंबत होता. तो स्क्रीनकडेच बघत होता. तिने त्याला हात लावला तर दचकून म्हणाला, तू अजून आहेस?

तिकडे उतरल्यावर इमिग्रेशनवाल्याने पासपोर्टचा फोटो आणि चेहरा कितीतरी वेळ ताडून बघितला, म्हणे. बाजूला नेऊन बसवलं. घरी जाताना रस्ता दिसू नये म्हणून शिल्पाने गाडीत त्याच्या डोळ्यांवर ओढणी बांधली.

तेव्हापासून तो घराबाहेर पडत नाही. काम घरून करतो. डॉक्टरही घरीच बोलवावा लागतो. एकदा मुलाच्या शाळेत जायचं म्हणून दारातून बाहेर पडला. शाळा चालत पाच मिनिटांवर आहे. शिल्पाने वरून बघितलं, तो फाटकापाशी पाय उचलून चालतोय, हात हलतायत, आणि आहे तिथेच आहे. मुलगा त्याला हाताला धरून आत घेऊन आला.

विलासचं म्हणणं, अपराधी मन काहीही दाखवतं. मला मान्य आहे. मी लॅबमध्ये काम करते. पण अपराधी मनाने टायर झिजत नाहीत. आणि तो ड्रायव्हर? त्या बिचाऱ्याने कुणाचं काय वाकडं केलेलं? त्याचा दिवस कुठे गेला? नकाशावरचं ते निळं मी आणि विलास दोघांनी बघितलं. मी मॅडमना, आमच्या लॅबच्या डॉक्टरांना, नखांबद्दल विचारलं. हाताची नखं एवढी वाढायला किती काळ लागतो ते त्यांनी सांगितलं आणि विचारलं, कुणाची केस आहे? मी म्हटलं, लांबची आहे. माझ्याकडे यातल्या कशाचंही उत्तर नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर लिहा, पण कृपा करून उतारे, तोडगे सांगू नका. मला ते नकोयत.

मागच्या आठवड्यात शिल्पाचा फोन आला. संध्याकाळ होती, मी स्वयंपाकाला लागलेले. खूप रडली. तिचा यात किती हात होता मला माहीत नाही, मी विचारलं नाही. ती म्हणाली, ताई, त्यांना फक्त एकदा सांगा की आईंनी जाताना त्यांना माफ केलं होतं. तुमच्यावर त्यांचा विश्वास आहे. मी फोन स्पीकरवर टाकते. एवढं एक वाक्य.

पलीकडे स्पीकर सुरू झाल्याचा आवाज आला. नितीनचा श्वास ऐकू येत होता. मी मावशीचे शेवटचे दिवस आठवून बघितले, अगदी प्रामाणिकपणे, कुठे अर्धा शब्द तरी सापडतो का म्हणून.

"नाही रे नितीन," मी म्हटलं. "तसं काही ती बोलली नाही."

फोन ठेवला आणि कुकर लावला.